तासगांवची छावणी आणि त्रिवर्गाचा करार (इ. स. १७९०–१७९२)

१. विषयाचा उपन्यास

भाषा, नाणें, कालगणना व युद्धपद्धति हीं सर्व भिन्न असलेलीं तीन राज्यें एका शत्रूवर एकत्र चालून गेलीं, ठरल्याप्रमाणें मुलूख व खंडणी वांटून घेतली, आणि पुढें तीन वर्षांतच त्यांपैकीं दोन राज्यें खर्ड्याच्या मैदानावर एकमेकांसमोर उभीं राहिलीं, हा इ. स. १७९० ते १७९५ चा इतिहास अभ्यासकांस सुपरिचित आहे. पेशवे, निजाम व इंग्रज कंपनी यांच्या या दोस्तीस तत्कालीन कागदांत ‘त्रिवर्ग’ असें म्हटलेलें आढळतें. टिपू सुलतानावरील या युद्धाच्या लढाया पुष्कळांनीं वर्णिल्या आहेत. परंतु तीन परकीय दरबारांची ही दोस्ती प्रत्यक्षांत चालली कशी, कोणत्या साधनांनीं ती बांधली गेली व कोणत्या ठिकाणीं ती उसवली, या प्रश्नाकडे तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

या प्रश्नाचा विचार तासगांवावरून करणें सोईचें आहे. पूर्वी सातारा जिल्ह्यांत व आतां सांगली जिल्ह्यांत मोडणारें हें गांव परशुरामभाऊ पटवर्धनांचें राहण्याचें ठिकाण. मराठ्यांची पहिली फौज येथूनच निघाली आणि मुंबईकर इंग्रजांच्या पलटणी येथेंच भाऊंस येऊन मिळाल्या. पुणें, हैदराबाद व कलकत्ता येथें कागदावर ठरलेली दोस्ती पहिल्यानें हाडामांसाची झाली ती तासगांवच्या माळावर. शिवाय या युद्धांत दिरंगाई व लोभ यांचा जो दोष इंग्रज लेखकांनीं मराठ्यांच्या पदरीं बांधला, त्याचा मुख्य आरोपीही तासगांवकरच आहे. तो दोष कितपत खरा, हेंही यांत तपासावयाचें आहे.

२. नानांचा पूर्वानुभव

परराज्यांशीं गोट बांधण्याचा प्रसंग नाना फडणिसांस नवा नव्हता. इ. स. १७८० च्या सुमारास त्यांनीं पेशवे, निजाम, हैदरअल्ली व नागपूरकर भोसले अशी चौकडी इंग्रजांविरुद्ध उभी केली होती. ती मोडली कशी, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. भोसल्यांस इंग्रजांनीं द्रव्य देऊन वळविलें, निजामास गुंतूर परत देऊन शांत केलें, आणि इ. स. १७८२ च्या मे महिन्यांत सालबाईचा तह झाला, त्यांत हैदरानें काय परत द्यावें हें हैदरास वगळूनच ठरलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हैदर वारला. चौघांचा शत्रु एक होता, पण चौघांचा हेतु एक नव्हता. आणि एकानें वेगळा तह करूं नये असा बंध पुरेसा घट्ट नव्हता.

पुढें इ. स. १७८५ मध्यें टिपूनें नरगुंदास वेढा घातला. परशुरामभाऊ मदतीस गेले, परंतु नरगुंद वांचलें नाहीं. व्यंकटराव भावे कैदेंत पडले. त्यावर पेशवे व निजाम यांनीं मिळून टिपूवर मोहीम केली व इ. स. १७८७ मध्यें गजेंद्रगडचा तह झाला. इंग्रज त्या वेळीं अलिप्त राहिले. कृष्णा व तुंगभद्रा यांमधील मुलखाचा प्रश्न मात्र पुरता मिटला नाहीं, आणि त्या मुलखाच्या वेशीवर ज्यांचे सरंजाम होते त्या पटवर्धनांच्या मनांत नरगुंदाचें शल्य राहिलें.

इ. स. १७८९ च्या डिसेंबरअखेर टिपूनें त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. आतां गरज इंग्रजांस होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें पुणें व हैदराबाद या दोन्ही दरबारांशीं बोलणें लावलें. पुण्यांत इंग्रजांचा रेसिडेंट चार्लस मॅलेट होता, व नाना आणि तो यांच्यामधील दुवा बहिरोपंत मेहेंदळे. ता. १ जून १७९० रोजीं (शके १७१२) पुण्याचा करार झाला, ता. ४ जुलै रोजीं पानगलच्या मुक्कामीं निजामाचा झाला.

३. कराराचीं अंगें

या करारांतील मुख्य कलमें अशीं: पेशवे व निजाम यांनीं किमान २५,००० फौजेनिशीं, पावसाळ्यापूर्वी वा पावसाळ्यांतच, टिपूच्या मुलखांत शिरावें व पावसाळ्यानंतर युद्ध जोरानें चालवावें. निजामाकडील इंग्रजी पलटणींस ज्या शर्ती, त्याच शर्तींवर दोन पलटणी पेशव्यांच्या फौजेबरोबर असाव्या. गव्हर्नर जनरलानें मागितल्यास दहा हजार स्वार इंग्रजी सैन्याच्या साह्यास द्यावे व त्यांचा खर्च कंपनीनें सोसावा. जिंकलेला मुलूख तिघांनीं सारखा वांटून घ्यावा. प्रत्येकाचा वकील इतरांच्या लष्करांत रहावा. तह करणें तो तिघांच्या संमतीनेंच करावा. आणि तहानंतर टिपूनें तिघांपैकीं कोणावरही हल्ला केल्यास बाकीच्यांनीं त्यास शासन करावें.

सालबाईच्या वेळच्या उणिवा या कलमांत एकेक करून भरून काढलेल्या दिसतात. वेगळा तह नको, वांटणी आधीं ठरलेली, वकील छावणींत हजर. संस्कृत अर्थशास्त्राच्या वाचकांस येथें कौटिल्याच्या सातव्या अधिकरणाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. एकत्र मिळून स्वारीस निघणाऱ्या राजांस तो ‘सामवायिक’ म्हणतो, आणि त्यांच्या संधीचे भेद सांगतांना देश, काल व अर्थ हीं तीन गमकें देतो. कोणीं कोणत्या प्रदेशावर जावें हें ठरविलें तर तो परिपणितदेश संधि. किती काळ झटावें हें ठरविलें तर परिपणितकाल. कोणीं कोणतें कार्य साधावें हें ठरविलें तर परिपणितार्थ. ज्या ग्रंथानें ही परिभाषा आपल्यास परत दिली, त्याची पोथी टिपूच्याच म्हैसुरांत उजेडांत यावी व इ. स. १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं ती तेथेंच छापावी, हा योगायोगही कौतुकाचा आहे. नाना किंवा हरिपंत यांच्यासमोर तो ग्रंथ नव्हता हें उघड आहे. पण शास्त्राचें काम व्यवहारास नांवें देण्याचें असतें, आणि त्या नांवांनीं व्यवहार पारखतां येतो.

या कसोटीनें पाहिल्यास १७९० च्या करारांत अर्थ, म्हणजे फळाची वांटणी, पक्की ठरली होती. काल सैल ठरला होता; ‘पावसाळ्यापूर्वी वा पावसाळ्यांत’ हे शब्द चार महिन्यांचें अंतर पोटांत घेतात. आणि देश जवळजवळ ठरलाच नव्हता. कोणीं कोणत्या वाटेनें जावें, कोठें एकत्र व्हावें व श्रीरंगपट्टणाआधीं कोणता किल्ला घ्यावा, हें प्रत्येकाच्या मर्जीवर राहिलें. पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

४. तासगांवची छावणी

मुंबईहून कॅप्टन लिटल याच्या हाताखालीं दोन देशी पलटणी व तोफखाना गलबतांनीं संगमेश्वराकडे आला व मेअखेर उतरून अंबा घाटानें वर चढला. जून १७९० मध्यें हे लोक तासगांवच्या परिसरांत येऊन राहिले. त्यांस दिसलें तें असें कीं, भाऊंची फौज अद्याप गोळाच झालेली नव्हती. पुण्यांत करारावर सह्या झालेल्या, आणि येथें सेनापतीजवळ मोजके स्वार! या दृश्यापासूनच मराठ्यांच्या दिरंगाईची कथा इंग्रजी ग्रंथांत सुरू होते. ग्रँट डफनेंही इ. स. १८२६ च्या आपल्या बखरींत ती पुढें चालविली.

परंतु सरंजामी फौज म्हणजे कवायती पलटण नव्हे. पलटणीचा शिपाई बारमाही पगारी. हुकूम होतांच गलबतावर चढतो. शिलेदार आपल्या घोड्यासह आपल्या गांवीं असतो. मृगाच्या पावसाबरोबर त्याचें लक्ष शेताकडे जातें. नद्या उतरल्यावर दसऱ्यास सीमोल्लंघन करावें, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यास आषाढांत निघावयास लावणें म्हणजे आगाऊ नालबंदी देणें, घोड्यांचा चारा व दाणा जमविणें, पुरांतून कृष्णा उतरण्यास नावा मिळविणें. एवढें करून भाऊ भर पावसाळ्यांत निघाले व सप्टेंबरांत, म्हणजे दसऱ्याच्या आधींच, धारवाडास मोर्चे लागले. इंग्रजांच्या पंचांगानें हा उशीर झाला. मराठ्यांच्या पंचांगानें ही घाई होती. दोन्ही पंचांगें आपापल्या जागीं खरीं आहेत. ‘काल’ परिपणित करतांना तो कोणाच्या पंचांगानें मोजावयाचा, हें करारांत नव्हतें एवढेंच.

५. धारवाडचा वेढा

धारवाडचा किल्लेदार बद्रुज्जमाखान हा टिपूच्या उत्तम सरदारांपैकीं एक. त्याच्यापाशीं शिबंदी मोठी होती. वेढा एकोणतीस आठवडे चालला. लिटलच्या तुकडींतील लेफ्टनंट एडवर्ड मूर यानें इ. स. १७९४ मध्यें लंडनास या मोहिमेचा वृत्तांत छापला, त्यांत मराठी तोफखान्याची हजेरी कडक शब्दांत घेतली आहे. तोफ भरावी, गप्पा व हुक्का यांत वेळ जावा, मग ती डागावी. एका जागीं भगदाड पाडण्याऐवजीं तटावर भलतीकडे गोळे मारावे. रात्रीं तोफा मागें आणाव्या व शत्रूनें दरम्यान तट डागडुजी करून घ्यावा, असा त्याचा सूर आहे. हें वर्णन डोळ्यांनीं पाहणाऱ्याचें आहे, आणि तें खोटें ठरविण्याची खटपट करणें इतिहासाच्या दृष्टीनें व्यर्थ होय. भाऊंचा तोफखाना किल्ला फोडण्यास अपुरा होता व दारूगोळ्याचा पुरवठा तुटपुंजा होता.

परंतु मूर यानें सांगितलेली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. मुंबईहून कर्नल फ्रेडरिक गोऱ्या पलटणीसह डिसेंबरअखेर आला. त्यानें सबुरी न धरतां ता. ७ फेब्रुवारी १७९१ रोजीं हल्ला चढविला, तो फसला. ता. १३ मार्च रोजीं फ्रेडरिक छावणींतच वारला. म्हणजे कवायती शास्त्रही त्या तटापुढें एकदम यशस्वी झालें नाहीं. अखेर एप्रिलच्या आरंभीं दाणागोटा व दारू संपत आल्यावर खानानें कौल घेऊन किल्ला दिला.

या सात महिन्यांत भाऊंचे स्वार स्वस्थ बसले नव्हते. धारवाडभोंवतालचा मुलूख त्यांनीं ताब्यांत घेतला व वसूल बसविला. इंग्रज लेखक येथें म्हणतात कीं, भाऊंस श्रीरंगपट्टणाची फिकीरच नव्हती. याचें उत्तर असें कीं, पटवर्धनांच्या दृष्टीनें धारवाड हें श्रीरंगपट्टणाच्या वाटेवरचें ठाणें नव्हतें. धारवाड हेंच साध्य होतें. नरगुंद, कित्तूर, धारवाड, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख परत मिळवावयाचा, हा त्यांचा ‘अर्थ’. इंग्रजांचा ‘अर्थ’ टिपूची राजधानी. दोघेही आपापल्या अर्थाशीं प्रामाणिक होते. म्हणून भाऊंवर करारभंगाचा आरोप टिकत नाहीं. पण सहकाऱ्याच्या गरजेकडे त्यांनीं दुर्लक्ष केलें हा आरोप टिकतो, कारण त्या वसंतांत कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन पुढें सरकत होता आणि त्यास स्वारांची अत्यंत निकड होती.

६. मेलकोट्याची भेट

ता. १५ मे १७९१ रोजीं कॉर्नवॉलिसनें श्रीरंगपट्टणाजवळ लढाई जिंकली, परंतु वेढा घालण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं उरलें नव्हतें. बैल मेले, धान्य संपलें, आणि वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातानें निकामी करून तो मागें फिरला. महिनाअखेरीस मेलकोट्याजवळ अचानक स्वारांची एक टोळी दिसली. शत्रु समजून इंग्रज सज्ज झाले; पाहतात तों ती हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांच्या फौजेची बिनी! मराठ्यांनीं पाठविलेलीं पत्रें टिपूच्या हलक्या स्वारांनीं वाटेंत अडविलीं होतीं, म्हणून इतकी मोठी फौज जवळ आल्याची वार्ताही इंग्रजांस नव्हती.

दोस्तीच्या कारभाराचा हा सर्वांत बोधप्रद प्रसंग होय. छावणींत वकील ठेवण्याचें कलम पाळलें गेलें होतें. पण वकील बातमी देणार ती जासुदाच्या पायांनीं आलेली, आणि जासुदाची वाट शत्रूच्या हातांत. दोस्तांच्या फौजांमध्यें शत्रूचा मुलूख असतां डांकेची वाट राखणें हें स्वतंत्र लष्करी काम आहे, हें तिघांपैकीं कोणीही आधीं ओळखलें नाहीं. चार-सहा दिवस आधीं पत्र पोंचतें, तर त्या तोफा कदाचित् वांचत्या.

मराठ्यांच्या बाजारानें मात्र इंग्रजी सैन्यास जीवदान दिलें. भाव चढे होते, ही तक्रार इंग्रजांनीं केली आहे. पण धान्य होतें. शिपायाच्या पोटाची व्यवस्था सरकारी कोठारावर न ठेवतां लमाणांच्या तांड्यांवर व लष्कराबरोबर हिंडणाऱ्या बाजारावर सोंपविण्याची मराठी रीत कवायती डोळ्यांस गबाळी दिसे. त्या दिवशीं तीच कामास आली. उलट, रोख पैका मराठ्यांपाशीं नव्हता. हरिपंतांनीं कर्ज मागितलें, आणि तें देण्यासाठीं कॉर्नवॉलिसनें चीनच्या व्यापारास मद्रासेहून जाणाऱ्या जहाजांवरील खजिना उतरवून घेण्याचा हुकूम दिला. चीनच्या चहाचा पैसा तासगांव-मिरजेकडील शिलेदारांच्या रोजमुऱ्यास लागला! एकापाशीं धान्य व घोडे, दुसऱ्यापाशीं नाणें व तोफा: ही देवघेव हाच त्या दोस्तीचा खरा कणा. करारांतील कलमांपेक्षां तीच अधिक काळ टिकली.

७. शृंगेरीचा डाग

या मोहिमेच्या हिशेबांत एक रक्कम अशी आहे कीं, ती झांकून पुढें जातां येत नाहीं. इ. स. १७९१ च्या वसंतांत भाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारू स्वारांनीं शृंगेरीचा शारदामठ लुटला. शंकराचार्यांचें तें आद्य पीठ. आणि लुटणारे आले ते एका ब्राह्मण सेनापतीच्या निशाणाखालून. इ. स. १९१६ मध्यें म्हैसूरचे आर. नरसिंहाचार्य यांनीं मठांतील कागद उजेडांत आणले, त्यांत टिपूनें स्वामींस लिहिलेलीं कानडी पत्रें आहेत. लुटीबद्दल खेद, मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठीं बिदनूरच्या आसफानें द्रव्य व धान्य द्यावें अशी आज्ञा, आणि शत्रूंच्या पराभवासाठीं अनुष्ठानाची विनंति, असा त्यांचा आशय आहे. टिपूच्या या लिहिण्यांत राजकारण किती व भाव किती, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्या बाजूचा प्रश्न त्याहून साधा आहे: हें घडलें कसें?

पेंढाऱ्यांस पगार नसे. उलट, लुटीच्या परवान्याबद्दल तेच पालपट्टी भरीत. अशा लोकांस बरोबर घेणारा सेनापति स्वस्तांत मोठी फौज उभी करतो. पण तिच्यावर त्याचा हुकूम चालत नाहीं, कारण हुकूम पगाराच्या मागून जातो. भाऊंनीं मठ लुटविला असें म्हणणें अन्यायाचें होईल. भाऊंचा यांत संबंध नाहीं असें म्हणणेंही तितकेंच अन्यायाचें होईल. करारांत २५,००० ची संख्या लिहिली होती. ती संख्या कोणत्या लोकांनीं भरावी, त्यांनीं काय करूं नये व केल्यास दंड कोणीं करावा, हें लिहिलें नव्हतें. सामवायिकांच्या संधींत मुलूख वांटला जातो, पाप वांटलें जात नाहीं. तें ज्याच्या फौजेनें केलें त्याच्याच नांवावर राहतें. तासगांवच्या अभ्यासकानें हें प्रथम मान्य करावें, म्हणजे बाकीच्या बाबतींत भाऊंची बाजू मांडण्याचा त्यास अधिकार येतो.

८. अखेर व वांटणी

पुढील सालच्या बेतांत भाऊंनीं पश्चिमेकडून येणाऱ्या जनरल अ‍ॅबरक्रॉम्बीच्या फौजेस मिळावें असें ठरलें होतें. डिसेंबरअखेर लिटलच्या पलटणींनीं शिमोग्याजवळच्या रानांत टिपूच्या सैन्याचा मोठा पराभव केला आणि जानेवारी १७९२ च्या आरंभीं शिमोगा हस्तगत झाला. त्यानंतर भाऊ श्रीरंगपट्टणाकडे न वळतां बिदनुराकडे वळले. ता. ६ फेब्रुवारीच्या रात्रीं कॉर्नवॉलिसनें श्रीरंगपट्टणाच्या बाहेरील तळावर हल्ला केला, तेव्हां भाऊ तेथें नव्हते. धारवाडच्या वेळीं जो बचाव करतां येतो, तो येथें करतां येत नाहीं. कारण येथें देश व काल दोन्ही ठरले होते.

मार्चमध्यें तह झाला. टिपूनें अर्धें राज्य व ३ कोटी ३० लक्ष रुपये द्यावे, आणि दोन पुत्र ओलीस ठेवावे, असें ठरलें. मुलुखाची वांटणी ठरल्याप्रमाणें सारखी झाली. मराठ्यांची सरहद्द पुनः तुंगभद्रेपर्यंत गेली. उशिरा आलेल्यासही पूर्ण हिस्सा मिळाला, याबद्दल इंग्रज लेखक कुरकुरले. पण कॉर्नवॉलिसनें शब्द पाळला, आणि तें त्याच्या धोरणास धरूनच होतें.

टिपू समूळ बुडविणें पुणें दरबारास नको होतें, असें त्या वेळच्या एकंदर वर्तनावरून दिसतें. तो दुर्बळ व्हावा, पण इंग्रजांच्या बगलेंत एक कांटा म्हणून शिल्लक रहावा, हा हिशेब. मित्र निवडतांना त्याच्या विजयाची मर्यादाही मनांत आंखून ठेवावी लागते. नानांनीं ती आंखली होती. तहानंतर कॉर्नवॉलिसनें परस्पर-हमीचा कायमचा करार सुचविला, तो पुण्यानें लांबविला व सोडून दिला. मार्च १७९५ मध्यें खर्ड्यावर मराठे व निजाम भिडले. मराठी फौजेचें आधिपत्य परशुरामभाऊंकडे होतें आणि इंग्रज तटस्थ राहिले. इ. स. १७९८ मध्यें निजाम तैनाती फौजेखालीं गेला. इ. स. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें व टिपू मारला गेला, तेव्हां मराठी फौज तेथें नव्हती. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पट्टणकुडीच्या लढाईंत भाऊही पडले. नानांचा काटा उरला नाहीं, आणि त्रिवर्गांतील एकच वर्ग शिल्लक राहिला.

९. निष्कर्ष

एकंदरींत या दोस्तीचें यश वांटणी आधीं ठरविण्यांत, वेगळा तह न करण्याच्या बंधनांत व परस्परांच्या उणिवा भरून काढण्यांत होतें. तिचें अपयश देश-काल सैल ठेवण्यांत, बातमीची वाट न राखण्यांत व बिनपगारी लोकांवर संख्या भागविण्यांत होतें. परशुरामभाऊंवरील तीन आरोपांपैकीं पहिला, तासगांवच्या दिरंगाईचा, टिकत नाहीं; दुसरा, धारवाडचा, अर्धा टिकतो; तिसरा, बिदनुराचा, पुरा टिकतो. शृंगेरीचा भार निराळा.

हा निवाडा शक्य झाला तो दोन्हीं बाजूंचे कागद छापले गेल्यामुळें. मॅलेट प्रभृतींचा पत्रव्यवहार ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’च्या तिसऱ्या खंडांत आला. पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें मिरजेच्या शाळेंत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं इ. स. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेंत आयुष्यभर खपून छापलीं. एका संस्कृत शिकलेल्या शाळामास्तरानें शिकवणीच्या वेळेबाहेर हें काम केलें नसतें, तर आज भाऊंचें म्हणणें केवळ मूर व डफ यांच्या तोंडून ऐकावें लागलें असतें.

मात्र छापलें गेलें तें मुख्यतः दरबारी पत्रांचें. दोस्तीचा रोजचा संसार पत्रांत नसतो. तो रोजकीर्दींत, नालबंदीच्या याद्यांत, सावकारांच्या हुंड्यांत, बाजाराच्या निरखांत व पालपट्टीच्या हिशेबांत असतो. असे मोडी फर्द कृष्णाकांठच्या घराण्यांतून रुमालांत बांधलेले असतात, आणि त्यांवर मोठ्या पुरुषांचीं नांवें नसल्यामुळें संग्राहकही ते बाजूस सारतात. त्यांनीं ते सारूं नयेत. किती शिलेदारांस कोणत्या महिन्यांत नालबंदी पोंचली, एवढी एक यादी हातीं आली तरी तासगांवच्या छावणीचा काल आज अनुमानानें सांगितला आहे तो आंकड्यानें सांगतां येईल; आणि पालपट्टीचा एक हिशेब मिळाला, तर शृंगेरीच्या वाटेवर कोणाच्या राहुट्या होत्या हेंही कळेल. दुसरा कागद आपणांस अप्रिय असला, तरी तो पहिल्याइतक्याच काळजीनें जपला पाहिजे.